डाव्या पायातली निळी कडी

प्राणिसंग्रहालयात मला नोकरी लागली तेव्हा माझं नकाशाचं लांबरुंद टेबल ठेवायला कुठेच जागा नव्हती. "तूर्त रजिस्टरताईंच्या खोलीत बसा," असं संचालकसाहेब म्हणाले. ते तूर्त साडेचौदा वर्षं टिकलं.

खोली धान्याच्या कोठाराला लागून होती. एका भिंतीला ओळीनं लोखंडी कपाटं, दुसऱ्या भिंतीला ताईंचं टेबल आणि खिडकीबाहेर पाणमांजरांच्या हौदाचा पंप. पंप सुरू झाला की खोलीतली प्रत्येक वस्तू थरथरायची. ताई लिहिता लिहिता पेन हवेत उचलून धरायच्या आणि पंप बंद झाला की राहिलेला आकडा पुरा करायच्या.

"थरथरलेला एक नऊसारखा दिसतो," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "मग उद्या कुणी विचारलं, हे माकड अकराला जन्मलं की एकोणीसला, तर पंपाला साक्षीला बोलवायचं का?"

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हाक सगळे रजिस्टरताई अशीच मारायचे. हत्तीपासून कासवापर्यंत संग्रहालयात जो जन्मला, जो बाहेरून आला, जो दुसरीकडे गेला आणि जो मेला, त्या प्रत्येकाची नोंद त्यांच्या हातची. आईबाप कोण, ओळखीची खूण कोणती, कोणाशी पटतं, कोणाशी पटत नाही, सगळं.

नात्यांची त्यांना उपजतच हौस होती. मी रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, डबा खाता खाता, त्यांनी शोधून काढलं की माझ्या बहिणीची जाऊ ही त्यांच्या यजमानांची मावसबहीण लागते. "म्हणजे तुम्ही माझे दीरच झालात की हो!" असं म्हणून त्या जे मला भाऊजी म्हणायला लागल्या ते शेवटपर्यंत. या हिशेबानं निम्मं गाव त्यांचं दीर आणि उरलेलं नणंद होतं, पण भाऊजी म्हणून हाक मला एकट्यालाच मिळाली.

माझं काम प्राण्यांची आवारं आखायचं. पहिला नकाशा मी अस्वलाच्या आवाराचा काढला आणि फार खूश होऊन ताईंना दाखवला. मधे अस्वल, चारी बाजूंनी प्रेक्षक. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं.

"छान आहे. पण भाऊजी, आज मला कुणी बघू नये असं अस्वलाला वाटलं, तर त्यानं जायचं कुठं?"

मी नकाशावर अस्वलासाठी कोपरा शोधू लागलो.

"तुम्हाला नाही वाटत कधी? मला तर सोमवारी हमखास वाटतं."

तो नकाशा मी फाडला. तेव्हापासून मी आधी जनावराची मागची खोली काढतो, मग कीपरचं दार, मग सावली आणि पाणी, आणि सगळ्यात शेवटी प्रेक्षक. कॉलेजात पाच वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

ताईंचा खरा जीव होता तो सारस पक्ष्यांच्या रजिस्टरात. पाणथळ जागा बुजत चालल्या होत्या आणि रानातले सारस विरळ होत होते, म्हणून नऊ संग्रहालयांनी मिळून सत्तरेक पक्षी सांभाळायचं ठरवलं होतं. पक्षी थोडे असले की नकळत जवळच्या नात्यात जोड्या लागतात आणि पिल्लं कमकुवत निघतात. ते टाळायचं तर प्रत्येक पक्ष्याचं घराणं माहीत हवं. नऊ संग्रहालयांची ती एकच वंशावळ ताईंच्या टेबलावर असायची. कोणता नर कुठं पाठवायचा, कोणाची पिल्लं वाढवायची, कोणाची वाढवायची नाहीत, हे दर वर्षी त्या रजिस्टरावरून ठरायचं.

वाढवायची नाहीत, हे ऐकायला कठोर वाटतं. आमच्याकडे एक मादी होती, तिला सगळे काकू म्हणत. रोज सकाळी ती डबक्याच्या कडेनं मान उंच करून अशी फिरायची की जणू झाडलोट नीट झाली आहे की नाही ते तपासते आहे. तिचा जोडीदार म्हणजे काका, तो दोन पावलं मागे. काकू आणि काका दोघंही तळ्याकाठच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातली. त्या घराण्याची पिल्लं नऊही संग्रहालयांत झाली होती, आणखी नको होती. म्हणून काकूनं अंडी घातली की कीपर ती उचलून तिथे दोन लाकडी अंडी ठेवायचा. नाहीतर ती पुन्हा पुन्हा घालत राहिली असती. काकू महिनाभर त्या लाकडावर इमानेइतबारे बसायची, काका पहारा द्यायचा, आणि मग एके दिवशी दोघं उठून चालू लागायची. असं दर वर्षी चाललं होतं.

"वाईट नाही वाटत?" मी एकदा ताईंना विचारलं.

"वाटतं ना. पण शंभर भावंडं असलेल्या घरात आणखी एक आणून त्याला ठेवणार कुठं? ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी एकुलत्या एकाची असते."

माझ्या नोकरीचं चौदावं वर्ष लागलं तेव्हा संग्रहालयाची पुढच्या वीस वर्षांची योजना करायची ठरली. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. फळ्यावर आमच्याकडच्या प्रत्येक प्राण्याचं नाव होतं, आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे होते. याला पुरेशी जागा आहे का? याला नीट सांभाळता येतं का? रानात याची अडचण आहे का, आणि आपण ठेवल्यानं ती थोडी तरी सुटते का? लोक याच्यापाशी थांबतात का? दोन दिवस घासाघीस चालली. माकडांच्या दोन जाती कमी झाल्या, पाणमांजरं राहिली, आणि सारसांसाठी मोठी पाणथळ बांधायचं नक्की झालं. तिचा नकाशा माझ्याकडे आला.

पाणथळीत दोनच जोड्या मावणार होत्या. सारस शेजाऱ्याचा आवाज सहन करतो, पण शेजारी डोळ्यांसमोर दिसला तर भांडायला उठतो. म्हणून मधे उंच गवताचा बांध हवा आणि प्रत्येक जोडीला स्वतःचं पाणी. दोन्ही जोड्या दुर्मीळ घराण्यातल्या आणायच्या ठरल्या. काकू-काकांची रवानगी एका छोट्या बागेतल्या तळ्यावर करायची होती. त्यांचे बदलीचे कागद ताईंनी तयार करायचे होते. ते कागद करायची वेळ आली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

कागदांना जन्माच्या वेळचा फोटो जोडावा लागतो. एका दुपारी ताईंनी सतरा वर्षांपूर्वीचं पाकीट काढलं. मी पाणथळीवरच्या लाकडी पुलाचा नकाशा रंगवत होतो. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की पंप बंद होऊन दहा मिनिटं झाली तरी ताईंचा पेन वरच आहे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "जरा इकडं या. आणि मी काही सांगायच्या आधी तुम्हीच सांगा. या पिल्लाच्या कोणत्या पायात कडी आहे?"

फोटोत सारसाचं तीन दिवसांचं पिल्लू होतं. कुणीतरी ते दोन्ही हातांत कॅमेऱ्याकडे तोंड करून धरलं होतं. पायात निळी कडी. शेजारी टेबलावर तळ्याकाठच्या अंड्याच्या नंबराचं कार्ड.

"डाव्या," मी म्हणालो.

"तुमच्या डावीकडे. पण पिल्लाचं तोंड तुमच्याकडे आहे."

"मग उजव्या."

"हं. आणि रजिस्टरात मी डावा लिहिलाय," असं म्हणून त्या खुर्चीत मागे टेकल्या.

प्रकार असा होता. त्या आठवड्यात उबवणीच्या खोलीत दोनच पिल्लं निघाली होती. एक तळ्याकाठच्या घराण्याचं. दुसरं एका जखमी जोडीचं. ती जोडी पुराच्या पाण्यात शेतात सापडली होती आणि तिचं हे एकुलतं एक पिल्लू, पुढे दोघंही आजारानं गेली. पिल्लांचे पाय काडीएवढे, नंबराची कडी त्यांना मोठी होते. म्हणून आधी रंगाची कडी घालायची, त्या वर्षी निळी. एकाच्या डाव्या पायात, एकाच्या उजव्या. सहा महिन्यांनी ती खूण पाहून नंबराची कडी. पिल्लू धरणारी बाई नेहमी पिल्लाची पाठ ताईंकडे करून धरायची, म्हणजे ताईंचा डावा तोच पिल्लाचा डावा. त्या दिवशी ती रजेवर होती. दुसऱ्या कुणीतरी पिल्लं तोंड पुढे करून धरली, आणि ताईंनी समोर दिसलं ते लिहिलं. दोन्हींची नोंद उलटी झाली.

म्हणजे शेतातल्या जोडीचा वारस समजून ज्याला आम्ही मोठ्या सन्मानानं दुसऱ्या संग्रहालयात पाठवलं, तो बेचाळीस नंबरचा नर होता तळ्याकाठचा. आणि शेतातल्या जोडीचं एकुलतं एक लेकरू म्हणजे आमची काकू. तिला आम्ही वर्षानुवर्षं लाकडी अंड्यांवर बसवलं होतं.

त्यानंतर मी जे बोललो ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी उठून दार लोटून घेतलं आणि म्हणालो, "ताई, हा फोटो कुणी पाहिलेला नाही. सात महिने राहिलेत. कशाला उगाच?"

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी काळजीनं पाहिलं.

"भाऊजी, तुम्हाला बरं नाही का?"

"तुमच्यासाठी म्हणतोय. आणि तुमची तरी काय चूक? धरणाऱ्यानं उलटं धरलं."

"धरणाऱ्यानं हवं तसं धरावं. बघून लिहायचं काम माझं होतं. मी मघापासून विचार करतेय की त्या दिवशी घरी काही होतं का, कुणी आजारी होतं का, मला घाई होती का. काही नव्हतं हो. छान ऊन होतं, चांगली झोप झाली होती. नुसती चुकले."

त्या तशाच उठल्या आणि साहेबांकडे गेल्या. मीही मागोमाग गेलो. साहेबांनी फोटो पाहिला, रजिस्टर पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"किती जणांना कळवावं लागेल?"

"आठ संग्रहालयांना."

"आधी पिसांची तपासणी करू. प्रयोगशाळा तीन आठवड्यांत सांगेल. उगाच बोभाटा नको. अहवाल आला की बघू."

"साहेब, तपासणी करायचीच आहे," ताई म्हणाल्या. "पण पत्र आजच जाऊ द्या. अहवालानंतर लिहिलं तर ती चूक प्रयोगशाळेनं पकडली असं होईल. आणि तीन आठवड्यांत कुठेतरी आणखी एक चुकीची जोडी लागेल. हंगाम तोंडावर आलाय."

साहेबांनी टायपिस्टला बोलवायची घंटी वाजवली.

पत्र अर्ध्या पानाचं होतं. ते मी वाचलं. त्यात खेद वाटतो, अनवधानाने, तत्कालीन परिस्थितीत, असलं काही नव्हतं. अमुक तारखेला दोन पिल्लांची नोंद मी उलटी केली, त्यामुळे खालील पक्ष्यांची वंशावळ चुकीची आहे, सुधारित वंशावळ सोबत आहे, चूक माझी आहे, आणि खाली सही.

अहवालानं ताईंचंच म्हणणं खरं ठरवलं. पण तोवर त्यांना दुसऱ्याच गोष्टीनं पोखरायला सुरुवात केली होती. बेचाळीसला जिथं पाठवलं होतं तिथं त्याला ताईंच्याच शिफारशीनं तळ्याकाठच्या घराण्यातली मादी दिली होती. रजिस्टराप्रमाणे दोघं परकी. खरं पाहता ती सख्खी बहीण-भाऊ होती. त्यांची एक सोडून सगळी पिल्लं एकामागून एक गेली होती. तिथल्या पक्षीविभागात अण्णा नावानं ओळखला जाणारा एक कीपर होता. पिल्लं जाऊ लागली तशी चौकशी झाली आणि पाणी अस्वच्छ, दाणा शिळा, देखभालीत हयगय असा ठपका ठेवून अण्णांना पक्ष्यांवरून काढलं. त्याला सहा वर्षं झाली होती.

"पत्र तिथं गेलंय ना?" मी म्हणालो.

"पत्र संग्रहालयाला गेलंय. अण्णांना कुठं गेलंय?"

आम्ही बसनं गेलो. तीन तासांचा रस्ता. ताईंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत यजमानांनी भरून दिलेला दोघांचा डबा आणि एक बंद पाकीट. वाटेत त्यांनी मला शेजारच्या सीटवरच्या बाईंचं सगळं नातं विचारून सांगितलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की त्या घाबरल्या आहेत.

अण्णा खाद्याच्या कोठारात होते. ठेंगणे, टक्कल पडलेले, पन्नाशी उलटलेले. समोर भोपळ्यांचा ढीग आणि हातात मोठी सुरी. माकडांची दुपारची पाटी भरायची चालली होती.

"मी रजिस्टरवाली," ताई म्हणाल्या.

"ओळखलं. तुमच्या सहीचे कागद यायचे आमच्याकडं." त्यांनी पायानं स्टूल पुढे सरकवलं, पण सुरी थांबवली नाही.

"अण्णा, बेचाळीसची पिल्लं..."

"अकरा अंडी, सात पिल्लं, सहा गेली," अण्णा म्हणाले. "पाठ आहे मला. कितव्या दिवशी कोणतं तेही सांगतो."

"ती तुमच्यामुळे नाही गेली. मी सख्ख्या भावाला सख्खी बहीण जोडून दिली होती. माझी नोंद चुकली होती, सतरा वर्षांपूर्वी. आता कळलं."

सुरी थांबली. अण्णा उठले, कोपऱ्यातल्या नळाखाली त्यांनी हात धुतले, पंच्यानं एक एक बोट पुसलं आणि परत येऊन बसले.

"म्हणजे पाणी स्वच्छ होतं?"

"स्वच्छ होतं."

"आणि दाणा?"

"दाणाही चांगला होता."

"मी सांगत होतो त्यांना. दिवसातून दोनदा हौद धुतो म्हणून सांगत होतो. शेवटी शेवटी, ताई, माझी बायकोसुद्धा म्हणाली, की होतं माणसाकडून, जरा लक्ष कमी पडलं असेल. आणि मग मलाच वाटायला लागलं, की पडलं असेल."

ताईंनी पाकीट दिलं. आत तीच हकीकत होती, त्यांच्या संचालकांच्या नावे, अण्णांच्या कामात कोणताही दोष नव्हता असं स्पष्ट लिहून, आणि त्याची एक प्रत अण्णांसाठी. अण्णांनी ओठ हलवत ती दोनदा वाचली. मग एकदम त्यांचा आवाज चढला.

"सहा वर्षं! सहा वर्षं मी भोपळे कापतोय!"

कोठारातला दुसरा माणूस दचकून बाहेर निघून गेला. ताई हलल्या नाहीत. काही समजावलं नाही, पुन्हा माफीही मागितली नाही, नुसत्या समोर बसून राहिल्या. अण्णा जे बोलायचं ते बोलले. त्यातलं बरंच आमच्यासाठी होतं आणि बरंच नव्हतं. मग ते थांबले, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "चहा घेता?"

"घेते," ताई म्हणाल्या. "आणि त्या सहा पिल्लांचे दिवस सांगा मला. माझ्याकडच्या नोंदीत दोघांचे नाहीत."

चहा पिऊन होईपर्यंत दोघं वहीवर वाकून बसले होते. निघताना अण्णांनी आम्हाला फाटकापर्यंत सोडलं.

परतीच्या बसमध्ये मी न राहवून विचारलं, "माफ केलं असेल का हो त्यांनी?"

"विचारलं नाही मी. आधीच त्यांच्यावर कमी काम टाकलंय का, की आता हेही करा म्हणून सांगू?" एवढं बोलून त्यांनी डबा उघडला. दुपार टळून गेली होती आणि आम्ही दोघंही जेवलो नव्हतो.

इकडे माझ्या पाणथळीच्या नकाशाचे बारा वाजले होते. काकू आता सगळ्यात मोलाची ठरली होती आणि काका तळ्याकाठचा असल्यानं तिचं-त्याचं काडीचंही रक्ताचं नातं लागत नव्हतं. जोडी नव्यानं जमवायची गरज नव्हती, ती बारा वर्षांची जमलेली होती. करायचं एवढंच होतं की लाकडी अंडी ठेवायची नाहीत. पण त्यांचं घरटं होतं ते बरोबर माझ्या लाकडी पुलाच्या जागेवर.

"घरटं पलीकडे हलवू," मी म्हणालो. "मातीचा उंचवटा करून देतो, गवत लावतो, अगदी तसंच."

"आणि तिला कसं कळणार, की ते तसंच आहे?"

"ताई, त्या पुलावर मी चार महिने घालवलेत."

"दिसतोच आहे की. सुंदर आहे पूल. लोक त्यावर उभे राहून सरळ काकूच्या अंड्यांवर वाकतील."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पूल खोडला. घरटं होतं तिथंच ठेवलं आणि सगळी पाणथळ त्याच्याभोवती आखली. प्रेक्षकांची वाट लांबून वळवली आणि गवतापलीकडे बसून डोकवायला फटी ठेवलेली एक लांबट खोली केली. तिथं गेलं की माणसं आपोआप हळू बोलतात. साहेबांना आधी ते पटेना, पक्षी दिसेल न दिसेल म्हणाले. ताई म्हणाल्या, "साहेब, शोधून दिसलेला पक्षी घरी जाऊन सांगतात लोक." साहेबांनी सही केली.

चूक कबूल केल्याबद्दल ताईंना शिक्षा म्हणावी असं काही झालं नाही, पण सेवापुस्तकात ताशेरा आला. त्याची प्रत त्यांनी मागून घेतली आणि आपल्या हातानं सारसांच्या फायलीत लावली. दुसऱ्या संग्रहालयांतून मात्र हळूहळू पत्रं यायला लागली. आम्हीही जुने फोटो काढून पाहिले, आमच्याकडेही एक घोळ सापडला, आमच्याकडे दोन. एकूण पाच निघाले. त्या प्रत्येक पत्राला ताईंनी हातानं उत्तर लिहिलं.

त्या हंगामात काकूनं दोन अंडी घातली. या वेळी ती कुणी उचलली नाहीत. सगळं संग्रहालय दबक्या पावलांनी चालायला लागलं होतं, पाणमांजरांच्या पंपालासुद्धा साहेबांनी रबरी गाद्या बसवून घेतल्या. महिना झाला, वर आठ दिवस झाले. काकू उठेना. शेवटी डॉक्टरांनी अंडी काढून पाहिली. एक वांझ होतं, दुसऱ्यातलं पिल्लू पूर्ण वाढून आतच गेलं होतं.

ताईंनी ती नोंद माझ्यासमोर केली. अक्षर नेहमीसारखंच होतं. मग त्या जाऊन कपाटांच्या मागे बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पंधरा दिवसांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला साहेब चार शब्द बोलले आणि ताईंना बोलायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिसऱ्या कपाटाचा खालचा कप्पा अडकतो, त्याला जरा वर उचलून ओढायचं." आणि खाली बसल्या.

पुढच्या वर्षी काकूनं पुन्हा दोन अंडी घातली, आणि एका मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास कीपर धापा टाकत आमच्या खोलीत आला. त्यानं नुसतं एक बोट वर केलं. एक पिल्लू.

मी ताईंना फोन लावला. यजमानांनी उचलला. ते म्हणाले, ती दाताच्या डॉक्टरकडे गेलीय. मी दवाखान्याचा नंबर मिळवून तिथं लावला. त्या फोनवर आल्या तशी मी बातमी सांगितली. मग बधिर झालेल्या जिभेनं अस्पष्ट प्रश्न आला, "चालतंय का?"

"चालतंय. काकाच्या मागे मागे."

पलीकडून जे ऐकू आलं ते हसणं होतं की रडणं, हे दाताच्या इंजेक्शनमुळे मला आजवर कळलेलं नाही.

ते पिल्लू मादी निघालं. दोन वर्षांची झाल्यावर तिला तिसऱ्याच एका संग्रहालयात पाठवलं, तिथं तिला साजेसा नर होता. काकूला त्यानंतर आणखी तीन पिल्लं झाली. अण्णांना त्यांच्या संचालकांनी पक्षीविभागात परत यायला सांगितलं तेव्हा त्यांनी आधी साफ नाही म्हटलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आता गुडघे चालत नव्हते. वर्षभर ते भोपळेच कापत राहिले. मग एक दिवस स्वतःहून जाऊन पक्ष्यांच्या हौदाची किल्ली मागून घेतली.

गेल्या महिन्यात मी ताईंकडे गेलो होतो. दार यजमानांनी उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आत ताई फोनवर तावातावानं बोलत होत्या. "अहो अण्णा, पहिले दहा दिवस किडेच द्यायचे, दाणा नाही! तुमच्या तीस वर्षांच्या अनुभवाचं मला नका सांगू. माझ्याकडे नऊ ठिकाणच्या नोंदी आहेत." पलीकडून अण्णाही काही कमी बोलत नसावेत, कारण ताई मधूनमधून फोन कानापासून लांब धरत होत्या. मला त्यांनी हातानंच बसा म्हणून खुणावलं.

"आत्ताच सुरू झालंय," यजमान माझ्या कानाशी म्हणाले. "अर्धा तास तरी जाईल. तुम्ही चहा घ्या."